पोटॅशियम वाढेपर्यंत

ह्यूस्टन,
१६ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
शि. सा. न.

परवा फोनवर तू विचारलंस, "तिथे राहायचे कागद नसलेल्या माणसाला तुमच्या दवाखान्यात घेतात तरी का गं?" मी ड्यूटीवर निघाले होते, "घेतात" एवढंच म्हणून फोन ठेवला. उत्तर अर्धवट राहिल्याची रुखरुख लागली, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी लिहायला बसलेय.

घेतात हे खरं. इमर्जन्सीच्या दाराशी आलेला माणूस कुठला, पैसे भरेल की नाही, हे न बघता त्याला तपासायचं आणि जिवावरचा धोका टळेपर्यंत उपचार करायचे, असा केंद्राचा कायदा १९८६ पासून आहे. शाळेचंही तसंच. आमच्याच टेक्सासने एकेकाळी कागद नसलेल्या मुलांच्या शिक्षणाचा पैसा बंद केला होता. टायलर गावच्या शाळा वर्षाला १००० डॉलर फी मागू लागल्या. सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, मुलांना शाळेबाहेर ठेवता येणार नाही. एका मताने तरलेला निकाल! मला त्याची सतत धास्ती वाटते.

पण "जिवावरचा धोका" या शब्दांतच सगळी मेख आहे. किडन्या निकामी झालेल्या इथल्या नागरिकाला आठवड्यातून तीनदा डायलिसिस मिळतं, बहुतेकांचा खर्च मेडिकेअर, म्हणजे केंद्र सरकारचा आरोग्य विमा, उचलतं. कागद नसलेल्याला मेडिकेअर नाही. त्यामुळे इथे अनेकांना ठरल्या वारी डायलिसिस मिळतच नाही, जीव कासावीस झाला की इमर्जन्सी गाठायची.

माझा एक पेशंट आहे. नाव सांगत नाही. होंडुरासचा, चाळिशीचा, घरांची छपरं घालणारा. पाच-सहा दिवसांनी येतो तेव्हा पाय सुजून खांब झालेले, छातीत पाणी, एक वाक्य बोलायला तीन श्वास. रक्त काढायचं, ईसीजी काढायचा आणि पोटॅशियमचा आकडा यायची वाट बघायची; किडन्या बंद पडल्या की ते रक्तात साचतं आणि फार वाढलं तर हृदय थांबू शकतं. आकडा पुरेसा चढला असेल तर मशीन, नसेल तर "उद्या परत या". आई, बरं वाटतंय म्हणून घरी पाठवणं तुला-मला माहीत आहे. इथे पुरेसं वाईट झालेलं नाही म्हणून पाठवतात. काहीजण यायच्या आधी मुद्दाम संत्र्याचा रस पितात, आकडा वाढावा म्हणून. हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मी औषधांच्या खोलीत जाऊन रडले. या माणसाने मला पगाराची चिठ्ठी दाखवली होती, दर महिन्याला मेडिकेअरची कपात होतेय. आणि कोलोरॅडो राज्याने २०१९ मध्ये नियम बदलून अशा पेशंटना नियमित डायलिसिस सुरू केलंसुद्धा. म्हणजे ठरवलं तर होतं.

हे दुखणं जुनं. भीतीचं दुखणं आता फार वाढलंय. २०२४ च्या नोव्हेंबरपासून राज्यपालांच्या आदेशाने टेक्सासच्या हॉस्पिटलांना पेशंटला विचारावं लागतं, तुम्ही या देशात कायदेशीर राहता का? उत्तर दिलं नाही तरी उपचार थांबत नाहीत. मी हे आधी सांगते, मग प्रश्न विचारते. पण प्रश्न कानावर पडला की बायका पर्स छातीशी धरतात, ते मी रोज बघते. मग जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने हॉस्पिटल, शाळा, चर्च अशा ठिकाणी धरपकड टाळायचं जुनं धोरण रद्द केलं. जूनमध्ये बातमी आली, काही राज्यांतल्या मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्याच्या, पेशंटांची माहिती इमिग्रेशनवाल्यांना दिली गेली.

गेल्या महिन्यात एक मुलगा आला, नऊ वर्षांचा. पोटदुखी तीन दिवस अंगावर काढलेली, अपेंडिक्स फुटलेलं. मुलगा इथेच जन्मलेला, इथला नागरिक, मेडिकेडचा हक्कदार. आईने अर्जच भरला नव्हता, कारण अर्जावर घरचा पत्ता लिहावा लागतो. दुभाष्याला फोन जोडून देईपर्यंत ती मला एकच विचारत राहिली, "ला मिग्रा", म्हणजे इमिग्रेशनचे पोलीस, येतील का? पोरगा वाचला. पण ते तीन दिवस कुणाच्या खात्यावर टाकायचे?

आपल्याकडे या धरपकडीची बातमी पोचली ती फेब्रुवारीत, अमेरिकेने लष्करी विमानातून परत पाठवलेले १०४ जण अमृतसरला उतरले तेव्हा. त्यांत तिघं आपल्या महाराष्ट्रातले होते. तू त्या दिवशी मला तीनदा फोन केलास. माझं ग्रीन कार्ड पर्समध्ये आहे आई, माझी काळजी करू नकोस. पण त्या छपरं घालणाऱ्या माणसात आणि माझ्यात त्या एका कार्डाचंच अंतर आहे, हे विसरता येत नाही.

मला तुझी ती लाल वही आठवते. बीडच्या ऊसतोड टोळ्या साखर कारखान्याच्या तळावर उतरल्या की तू कोपी-कोपी हिंडून पोरांचे डोस आणि गरोदर बायकांची नावं लिहून घ्यायचीस. त्या बायका आरोग्य केंद्रावर यायच्या नाहीत, कारण दिवस बुडाला की मुकादम खाडा लावायचा. म्हणून तू पहाटे फडात जायच्या आधीच त्यांना गाठायचीस. आरोग्य केंद्राचं दार तर तेव्हाही उघडंच होतं. मला इथे दाराशी बसून राहावं लागतं, पार्किंगमध्ये गाडीत बसून आत यावं की नाही याचा विचार करणाऱ्यांपर्यंत मी पोचत नाही.

आमच्या इथल्या चर्चमध्ये रविवारी रक्तदाब आणि साखर तपासायला नर्स हव्या आहेत. मी नाव दिलंय. एक सांग, पहिल्याच दिवशी नाव लिहायला घाबरणाऱ्या बायकांच्या बाबतीत तू काय करायचीस? आधी तपासायचीस आणि नाव नंतर? वही सापडली तर बाबांना फोटो काढून पाठवायला सांग.

तुझी लेक