काकांच्या ब्लॉकबद्दल

लीड्स

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काकांच्या लिम्फोमाचा (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा) रिपोर्ट व्हॉट्सॲपवर मिळाला, नीट वाचला. फोनवर ही नावं एकातून दुसऱ्यात जातात, म्हणून लिहूनच पाठवतोय. प्रिंट काढून फाइलला लाव.

आधी वहिनींच्या मनातलं. ‘जेनेटिक टेस्ट’ म्हटल्यावर मुलांचंही रक्त द्यावं लागणार, असं त्यांना वाटलं. तशी काही गरज नाही. काकांच्या जनुकांमध्ये जी मोडतोड शोधायची आहे ती फक्त गाठीतल्या पेशींमध्ये, आणि ती जन्मानंतर कधीतरी झालेली असते. ती मुलाबाळांत उतरत नाही. तपासायची आहे ती गाठ, घराणं नव्हे.

आता तुझा प्रश्न: रिपोर्टात ‘डबल’ लिहूनच आलंय, मग फिशला (गाठीतली जनुकं तुटली आहेत का ते पाहणाऱ्या तपासणीला) परत पैसे कशाला? दादा, हे दोन ‘डबल’ वेगळे आहेत. काकांना ‘डबल एक्स्प्रेसर’ लिहिलंय. म्हणजे गाठीच्या कापावर रंग चढवून पाहिलं तेव्हा एमवायसी हे प्रथिन ५० टक्के पेशींत आणि बीसीएल२ हे ७० टक्के पेशींत दिसलं. त्यासाठीची रेघ साधारण ४० आणि ५० टक्क्यांवर धरतात, म्हणून तो शिक्का बसला. ‘डबल हिट’ म्हणजे ही दोन्ही प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांचे गुणसूत्रावरचे तुकडे तुटून भलतीकडे जोडले गेलेत. जनुक जागच्या जागी असूनही प्रथिन वाढू शकतं, आणि बहुतेक डबल एक्स्प्रेसर डबल हिट निघत नाहीत. पण काकांचा सीडी१० (पेशींचा गट ओळखायची एक खूण) पॉझिटिव्ह आहे, आणि एमवायसी-बीसीएल२ची जोडी सापडते ती मुख्यतः याच गटात. तेव्हा रिपोर्टात खाली लिहिलेला फिशचा सल्ला अगदी योग्य आहे. डबल हिट निघाला तर डॉक्टर आर-चॉप या नेहमीच्या केमोऐवजी जास्त कडक औषधयोजनेचा विचार करतात, आणि पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासायचं का, हेही पाहतात.

एक गोष्ट ऐकून घाबरू नका. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पाचव्या आवृत्तीने एमवायसी आणि बीसीएल६ (असंच आणखी एक जनुक) ही जोडी वेगळ्या आजाराच्या यादीतून काढली; त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने ती तात्पुरती ठेवली. त्यामुळे एकाच गाठीला दोन लॅब दोन नावं देऊ शकतात. दोघांपैकी कुणी चुकलं असं समजू नका.

फिश करतात कशी ते थोडं सांगतो, म्हणजे रिपोर्ट हातात आल्यावर काय वाचायचं ते कळेल. गाठीचा तुकडा ज्यात बसवलेला असतो त्या मेणाच्या ब्लॉकचा ३ ते ४ मायक्रॉनचा काप काचेवर घेतात, मेण काढतात, पेप्सिनने पेशीतली प्रथिनं थोडी विरघळवतात आणि मग रंगीत प्रोब (ठरावीक जनुकापाशी जाऊन चिकटणारा डीएनए) घालून रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. हा प्रोब दोन तुकड्यांचा: जनुकाच्या एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवा. जनुक अखंड असेल तर निळ्या केंद्रकात दोन ठिपके दिसतात, लाल-हिरवा चिकटून पिवळसर झालेले. जनुक तुटलं असेल तर एक पिवळसर ठिपका राहतो आणि दुसऱ्या जोडीतला लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे. अंधाऱ्या खोलीत बसून अशी शंभर-दोनशे केंद्रकं मोजतात. पेप्सिन कमी पडलं तर प्रोब आत शिरत नाही. जास्त झालं तर केंद्रकं पोखरल्यासारखी दिसतात आणि मोजण्यात अर्थ उरत नाही. शिवाय काप इतका पातळ की केंद्रकंच अर्धी कापली जातात, त्यात एखादा ठिपका हरवतोच. म्हणून किती टक्क्यांच्या वर ‘तुटलेलं’ म्हणायचं, ती सीमा प्रत्येक लॅब निरोगी ऊतींवर मोजून स्वतः ठरवते.

पैशांबाबत: आधी फक्त एमवायसीची तपासणी करायला सांग. ते अखंड असेल तर डबल हिटचा प्रश्न तिथेच मिटतो, बीसीएल२ आणि बीसीएल६चे प्रोब वाचतात. एमवायसी तुटलेलं असेल तरच पुढचे दोन. मात्र एमवायसीच्या तुटण्याच्या जागा फार दूरवर पसरलेल्या असतात, त्यामुळे या पद्धतीच्या प्रोबमधून थोडे रुग्ण निसटतात. पॅथॉलॉजिस्टना दाट शंका असेल तर ते ८ आणि १४ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या जोडणीचा वेगळा प्रोब मागतील. तो मागितला तर नाही म्हणू नकोस.

या सगळ्याचा पाया तो ब्लॉक. घोटाळा होतो तो बहुतेक वेळा मशीनच्या कितीतरी आधी, बरणीत. गाठ १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, गाठीच्या किमान दहापट द्रवात, आणि मधून चिरून ठेवायची असते. फॉर्मॅलिन आत शिरतं तासाला जेमतेम एक मिलिमीटर. अख्खी गाठ बुडवून ठेवली तर बाहेरून कडक होते आणि आत सडत राहते. शनिवारी टाकलेली बरणी सुट्टीमुळे चार दिवसांनी उघडली तर उलटं होतं, डीएनएचे तुकडे पडतात. साधं, बफर नसलेलं फॉर्मॅलिन आम्लधर्मी होत जातं आणि तेही डीएनए खातं. अशा ब्लॉकवर फिशचा रिपोर्ट ‘सिग्नल मिळाले नाहीत’ असा येतो. तो निगेटिव्ह नव्हे! ‘निगेटिव्ह की फेल?’ हे थेट विचार, आणि फेल असेल तर दुसऱ्या ब्लॉकवर करा म्हण.

काकांची बोन मॅरो व्हायची आहे. तिथे हाडाचा तुकडा मऊ करायला आम्ल वापरलं की त्या तुकड्यावर जनुकांची तपासणी जवळपास संपली. आम्लाऐवजी ईडीटीए हे रसायन वापरतात, फक्त वेळ जास्त लागतो. सिरिंजने ओढलेल्या पातळ मज्जेचं गणित वेगळं: पेशी जिवंत ठेवून गुणसूत्रं पाहायची तर हिरव्या टोपणाची, हेपरिनची नळी, पीसीआरसाठी (डीएनएच्या प्रती वाढवून पाहायच्या तपासणीसाठी) जांभळ्या टोपणाची. हेपरिन पीसीआरच्या आड येतं. सुई टोचायच्या आधीच दोन्ही नळ्या समोर आहेत का ते पाहा, नंतर परत टोचायला लावू नका.

वहिनींच्या मामांचं ऐकून मला काकांपेक्षा जास्त काळजी वाटली. मानेत गाठ, सुईने तपासल्यावर ‘रिॲक्टिव्ह’ (म्हणजे कॅन्सर नाही, नुसती सूज), मग टीबीची औषधं, आणि दोन महिने झाले तरी गाठ तेवढीच. आपल्याकडे टीबी इतका आहे की डॉक्टरांचा पहिला संशय तिकडे जाणं साहजिक आहे. पण लिम्फोमात शितावरून भाताची परीक्षा चालत नाही. सुईत सुट्या पेशी येतात. गाठीची आतली रचना बिघडली आहे का, ते कळायला अख्खी गाठ काढावी लागते. काढल्यावर ती सगळीच फॉर्मॅलिनमध्ये टाकू देऊ नका. एक ताजा तुकडा सलाइनमध्ये टीबीच्या कल्चर आणि जीनएक्सपर्टसाठी, एक ताजा फ्लो सायटोमेट्रीसाठी (सुट्या पेशींवरच्या खुणा यंत्राने मोजायला), उरलेली फॉर्मॅलिनमध्ये. आणि कुणी ‘आधी स्टेरॉइड देऊन पाहू’ म्हणालं तर तुकडा निघेपर्यंत थांबा म्हणा. प्रेडनिसोलोनने लिम्फोमाची गाठ चार दिवसांत उतरते, घरचे खूश होतात, आणि बायोप्सीत सांगण्यासारखं काही राहत नाही. श्वास अडत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर सांगतील ते.

मामांच्या बाबतीत कदाचित क्लोनॅलिटीचं नाव निघेल. रचना पाहूनही नक्की सांगता येत नाही, तेव्हा पीसीआरने पाहतात की गाठीतल्या बी पेशी अनेक कुळांच्या आहेत की एकाच पेशीची पैदास. २००३ साली युरोपातल्या लॅबांनी मिळून ठरवलेले बायोमेड-२चे प्रायमर (पीसीआर कुठून सुरू करायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) बहुतेक जण वापरतात. ही तपासणी एकाच नमुन्यावर दोनदा करायची असते. तुकड्यात बी पेशीच थोड्या असतील तर आलेखात योगायोगाने एखादं शिखर उंच दिसतं. दुसऱ्या वेळी ते दुसरीकडेच उगवलं तर ते खोटं. बी पेशींच्या अँटिबॉडी-जनुकांपैकी फक्त आयजीएच पाहिलं तर फॉलिक्युलर लिम्फोमाचे काही रुग्ण निसटतात, म्हणून सोबत आयजीके हवं. आणि ‘क्लोनल’ म्हणजे कॅन्सरच, असं नाही. विषाणूच्या तापातही टी पेशींचं एखादं कूळ वाढलेलं दिसतं. हॉजकिन निघाला तर हे सगळं बाजूला ठेवा. त्यात रोगट पेशी शेकडा एखादी, बाकी गर्दी निरोगी पेशींची. निदान पेशींच्या रूपावर आणि सीडी३०, सीडी१५च्या रंगांवर होतं.

मोठं, शेकडो जनुकांचं पॅनेल काकांसाठी आत्ता नको. एमवायडी८८ किंवा बीआरएएफसारख्या एकेका बदलावर निदान फिरतं ते वेगळ्या लिम्फोमांमध्ये.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईत परळला जाशील तेव्हा ब्लॉक, रंगवलेल्या सगळ्या स्लाइड्स आणि मूळ रिपोर्ट घे. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टातल्या नंबराशी ताडून पाहा. दोन-तीन ब्लॉक असतील तर ज्यात रोगट भाग जास्त आणि मेलेला भाग कमी तो कुठला, हे मिरजेच्या पॅथॉलॉजिस्टना विचारून चिठ्ठीवर लिहून घे. निदान एक ब्लॉक तिथेच राहू दे, आणि जिथे देशील तिथे पोच घे. मेण ५६-६० अंशांना वितळतं, तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर डबी ठेवू नकोस. फिशला आठवडाभर लागेल. तोवर डॉक्टर आर-चॉपचं पहिलं सायकल सुरू करतील, तर थांबवू नका. पुढच्या सायकलपासून औषधं बदलता येतात.

रिपोर्ट आला की नुसती शेवटची ओळ नको, पूर्ण पानाचा फोटो पाठव: कुठला प्रोब, किती केंद्रकं मोजली, किती टक्के तुटलेली, लॅबची सीमा किती.

काकांना सा. न., मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
नंदू