मुंगसाची गोष्ट, कुकर आणि वेल्समधला आठवडा

बर्मिंगहॅम
रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर आईने विचारलं, "आठवडाभर परक्याच्या घरात राहून तुम्ही केलंत तरी काय?" मागे धाकटीचा आरडाओरडा चालू होता, त्यामुळे नीट सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र.

आम्ही गेलो होतो वेल्सच्या वायव्येला, एरेरीत. इंग्रज ज्याला स्नोडोनिया म्हणत आले तेच. २०२२ पासून तिथलं राष्ट्रीय उद्यान वेल्श नावच वापरतं. घर जुनं, दगडी. छपरावर कौलं नाहीत, तर शाळेत आम्ही ज्याच्यावर अक्षरं गिरवली त्या पाटीच्या दगडाचे पत्रे. त्या भागात डोंगरच्या डोंगर या दगडासाठी पोखरलेत.

सेल्फ-केटरिंग म्हणजे मालक किल्ली ठेवून मोकळा, पुढचं सगळं आपलं. शनिवारी दुपारी चारला आत, पुढच्या शनिवारी सकाळी दहाला बाहेर, आणि निघताना भांडी घासून, कचरा वेगळा करून. आई, तुला हे घरकाम वाटेल. पण पोहे, खिचडी, रात्री गरम भात, सगळं आपल्या वेळेला. कुकर आम्ही नेला होता. पहिल्याच संध्याकाळी मी हिंग-मोहरीची फोडणी घातली आणि धुराचा अलार्म असा कोकलला की तुमचे जावई स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालत होते. दुसऱ्या दिवसापासून आधी खिडकी, मग फोडणी.

पाऊस मात्र भरपूर. सातांतले चार दिवस. तरी तिथे कोणी त्यासाठी थांबत नाही, म्हणून आम्हीही थांबलो नाही. वळणावळणांच्या रस्त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'अराव' लिहिलेलं असतं, म्हणजे 'हळू'. आता घरात कोणी जिन्यावरून धावलं की धाकटी ओरडते, "अराव!"

आणि आई, तुझी मुंगसाची गोष्ट मला तिथे भेटली! बेदगेलर्ट नावाच्या गावात नदीकाठी एक थडगं आहे, माणसाचं नव्हे, कुत्र्याचं. गोष्ट अशी: राजा ल्यूएलिन शिकारीहून परतला, तर पाळणा उलटलेला आणि गेलर्ट कुत्र्याचं तोंड रक्ताने माखलेलं. राजाने तलवार खुपसली. मग पाळण्यामागे बाळ सुखरूप दिसलं, आणि शेजारी मरून पडलेला लांडगा. मी थडग्यापाशीच मुलांना सांगितलं, "आजीच्या गोष्टीत मुंगूस होतं आणि साप होता, आणि ब्राह्मणाची बायको पाण्याची घागर घेऊन आली होती." थोरला म्हणाला, "मग आजीची गोष्ट यांनी चोरली?" म्हटलं, गोष्टी चालत चालत जातात. खरं तर ते थडगं अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एका खाणावळवाल्याने गिऱ्हाईक वाढवायला रचलं, असं सांगतात. ते कळूनही डोळे भरून आले, हे मी तुमच्या जावयांना सांगितलेलं नाही. बाबा, तिथवरची पायवाट अगदी सपाट आहे.

आता खास तुमच्यासाठी. पोर्थमॅडॉगहून ब्लायनाय फेस्टिनिओगपर्यंत सुमारे बावीस किलोमीटर छोटी आगगाडी जाते. रुळांतलं अंतर दोन फुटांहून जरासं कमी, म्हणजे जवळजवळ आपल्या माथेरानच्या गाडीएवढंच. ही वाट १८३६ मध्ये खाणीतला दगड बंदरावर आणायला सुरू झाली. भरलेल्या वाघिणी उतारावरून आपल्याच वजनाने खाली यायच्या, रिकाम्या वर ओढायला घोडे. आणि ते घोडे परत येताना मजेत वाघिणीत उभे राहून यायचे! १९४६ मध्ये गाडी बंद पडली. पुढे हौशी मंडळींनी रूळ साफ करून ती १९५५ पासून थोडी थोडी पुन्हा चालू केली. आजही स्वयंसेवक काम करतात. आमच्या डब्याशी आलेले आजोबा तुमच्याच वयाचे असतील, कोटाची बटणं चकचकीत.

विद्वा शिखरावर (१०८५ मीटर, वेल्समधलं सर्वांत उंच) जाणारी १८९६ ची दुसरी गाडी मात्र हुकली. तिकिटं आधी काढायला हवी होती, मी काढली नाहीत.

हार्लेकचा किल्ला पाहताना तुमची फार आठवण झाली. नुसता भव्य नाही, सणसणीत आहे. पण तो राखणाऱ्यांनी नव्हे, जिंकणाऱ्या इंग्रज राजाने, पहिल्या एडवर्डने, वेल्श लोकांवर वचक बसवायला बांधला. १४०४ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेल्या वेल्श पुढाऱ्याने, ओवेन ग्लिनदूरने, तो घेतला, तेव्हा तिथल्या लोकांना काय वाटलं असेल ते राजगड पायी चढलेल्या माणसाला मी काय सांगणार.

तुम्ही म्हणता, "गुडघ्यांमुळे आमचं तुम्हाला ओझं होईल." त्यासाठीच मी मे महिन्यासाठी खालीच झोपायची खोली असलेलं एक घर बघून ठेवलंय. जिना नाही. दारात बाक आहे, समोर मेंढ्या. चढायचं काहीच नाही, गाडीत बसायचं. मुलं रोज थोडी दूर जाऊन येतील, तुम्ही दोघं बाकावर बसा.

आई, मेतकूट आणि भाजणी आण, कुकर नको. बाबा, दोघांच्याही पासपोर्टची मुदत बघून ठेवा, पुढच्या रविवारी फोनवर सांगा.

तुमची लेक

ता. क. मुंगसाची गोष्ट धाकटीला तुझ्याच तोंडून ऐकायची आहे. माझ्याकडून घागर नीट पडत नाही म्हणे.