आत्याबाईच्या मिशा आणि सन ६०२

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जर-तरच्या इतिहासावरचा लेख वाचला, मस्त होता, पण गाडी नेहमीप्रमाणे पानिपतावरच जाऊन थांबली. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, भाऊ हत्तीवरून उतरले नसते तर... आमच्याकडे दर संक्रांतीला तिळगूळ खाता खाता हीच चर्चा होते आणि आजी दरवर्षी म्हणते, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. तिचं चुकत नाही, कारण पानिपताच्या खेळात उत्तर आधीच ठरलेलं असतं, आपण जिंकायचं, मग इंग्रज येणारच नाहीत वगैरे. त्यात विचार कमी आणि हळहळ जास्त.

खेळायचंच असेल तर रोम आणि सासानी इराणच्या (म्हणजे इस्लामपूर्व इराणच्या शेवटच्या राजघराण्याच्या) तिसऱ्या ते सातव्या शतकात जाऊन खेळा, ज्याला लेट अँटिक्विटी, म्हणजे प्राचीन जगाचा उत्तरकाळ म्हणतात. शाळेत आपण एका ओळीत शिकलो, रोम पडलं, अंधारयुग आलं, पुढचा धडा. प्रत्यक्षात तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं, जुने देव, ख्रिस्ती, ज्यू, अग्निपूजक सगळे एकाच बाजारात. ३६३ मध्ये जुने देव परत आणायला निघालेला सम्राट ज्युलियन इराणच्या मोहिमेत चिलखत न घालताच धावला आणि भाला लागून गेला. ४६८ मध्ये उत्तर आफ्रिकेत राज्य करणाऱ्या वँडल लोकांवर चालून गेलेल्या रोमन आरमाराने शत्रूला पाच दिवसांची मुदत दिली, तेवढ्यात वारा फिरला आणि पेटत्या नौका अंगावर आल्या. आणि यातलं कुणीच आपलं नसल्यामुळे डोकं थंड राहतं.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतं ते ६०२ साल. पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याचा सम्राट मॉरिस, त्याच्याकडे पैशांची चणचण, म्हणून त्याने डॅन्यूबवरच्या फौजेला हुकूम सोडला की यंदा हिवाळ्यात घरी यायचं नाही, नदीपलीकडे शत्रूच्या मुलखातच राहायचं आणि तिथलंच ओरबाडून खायचं. पगारावरून सैनिक आधीच वैतागलेले, त्यात ही थंडी, झालं बंड, फोकास नावाच्या एका खालच्या अधिकाऱ्याला ढालीवर उचलून पुढारी केलं आणि तो थेट राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये जाऊन सम्राट झाला. मॉरिसच्या डोळ्यांदेखत त्याची पोरं मारली. थिओफिलॅक्ट नावाचा इतिहासकार सांगतो की दाईने एक मूल लपवून त्याच्या जागी स्वतःचं बाळ पुढे केलं, तर मॉरिसनेच ते उघड केलं. ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं त्या दिवशी.

आता पुढचं बघा. इराणचा बादशहा खुस्रो दुसरा, त्याला ५९१ मध्ये गादी परत मिळवून दिली होती ती याच मॉरिसने. मॉरिसच्या हत्येच्या सुडाचं निमित्त करून खुस्रोने जे युद्ध काढलं ते ६२८ पर्यंत चाललं. रोमनांच्या हातून जेरुसलेम गेलं, इजिप्त गेलं, ६२६ ला कॉन्स्टँटिनोपलला वेढा पडला, मग नवा रोमन सम्राट हेराक्लियस याने डाव उलटवला आणि खुस्रोला त्याच्याच पोराने मारवलं. दोघांचीही कंबर मोडलेली आणि नेमक्या तेव्हा अरब फौजा आल्या. ६३६ ची यार्मुकची लढाई रोमन हरले, ६५१ ला शेवटचा सासानी बादशहा मारला गेला.

तो एक हुकूम काढून टाका. सैनिक घरी गेले, शेकोटीशी बसले. अरब आलेच नसते असं मी म्हणणार नाही, पण त्यांची गाठ दोन दमदार साम्राज्यांशी पडली असती. आणि इराण टिकलं असतं तर गुजरातेत संजाणला पारशांची गलबतं कशाला लागली असती? म्हणजे मुंबईत दादाभाई नाहीत, टाटा नाहीत, आणि माझ्या वडिलांनी जन्मभर ज्या इराण्याकडे ब्रुन मस्का खाल्ला तोही नाही (हे जरा ताणलंय, मान्य). आणि आमचं कल्याण सुद्धा यातून सुटत नाही बरं का. सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा कॉसमस नावाचा व्यापारी ‘कॅलियाना’ नावाच्या बंदराबद्दल लिहितो, अभ्यासक ते बहुधा कल्याणच धरतात, आणि तिथे इराणहून नेमलेला बिशप आहे म्हणतो. कुठल्या गावात, तर मी रोज सकाळी लोकलला लोंबकळतो त्या!

असल्या जर-तरच्या कथांमध्ये आजचा एक हुशार माणूस त्या काळात सोडतात आणि तो एकटा सगळं सावरतो, ते मात्र मला पटत नाही. ५३६ मध्ये सूर्य वर्षभर चंद्रासारखा फिका होता असं त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस लिहितो, पाठोपाठ ५४१ ला प्लेग. तिथे हुशारी काय कामाची.

जाता जाता, लेखात ४७६ मध्ये रोमन साम्राज्य संपलं असं छापलंय. ते पश्चिमेकडचं, पूर्वेकडचं १४५३ पर्यंत होतं. तेवढी दुरुस्ती छापा प्लीज.

आपला,
एक जुना वाचक, कल्याण