रॅम्पला सूट द्या, पण आधी शेजाऱ्याला विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की इंदूरमध्ये रस्त्यावर आलेले ओटले आणि रॅम्प तोडायची मोहीम निघते, जेसीबी येतो, दोन-चार घरांचे तुटतात, बाकीचे ओळखीपाळखीला फोन लावत बसतात आणि दिवाळीपर्यंत सगळं परत होतं तसं. तोडण्याबद्दल माझं काही म्हणणं नाहीये, पण तोडायची वेळ मुळात का येते यावर कुणी बोलत नाही म्हणून लिहितोय.

जुन्या कॉलनीतला तीस बाय पन्नासचा प्लॉट घ्या. नकाशात पुढे एमओएस, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, दहा फूट, आणि आजकालची साधी कार बारा-तेरा फुटांची. कार आत घेतली तर गेट लागत नाही, गेट लावायचं तर कार बाहेर. मग माणूस बाजूच्या एमओएसमधे शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटून फरशी टाकतो, वर पत्रा, समोर रस्त्यावर उतरता रॅम्प. त्यात दरवेळी जुना रस्ता न खरवडता वर नवा थर चढतो, म्हणून लोक जोतं आणखी उंच करतात आणि रॅम्प आणखी लांब होतो, हे वेगळंच.

आमच्या शेजारच्या काकांनी हेच केलंय. नालीवर रॅम्प घातला आणि खाली चार इंची पाइप टाकला, त्यात शेव-मिक्स्चरच्या रिकाम्या पुड्या अडकतात आणि पहिल्याच मोठ्या पावसात त्यांच्या फरशीवरचं सगळं पाणी आमच्या ओसरीत. माणूस भला आहे, पाडव्याला श्रीखंडाची वाटी न चुकता येते, बोलणार कसं? सीएम हेल्पलाइन 181 आहे, पण तिथे तक्रार टाकली की त्या घराशी जाणं-येणं संपलंच समजा.

माझी भाची न्यू जर्सीत राहते. तिच्या शेजाऱ्याला ड्राइव्हवे, म्हणजे गाडी आत घ्यायची वाट, नियमात बसते त्यापेक्षा हद्दीच्या जवळ आणायचा होता तर हिच्या घरी रीतसर नोटीस आली. तिथला कायदाच आहे, अशी सूट हवी असेल तर 200 फुटांच्या आतल्या सगळ्या घरमालकांना सुनावणीच्या किमान 10 दिवस आधी कळवायचं, जाहीर सूचनाही द्यायची. सूट मागणाऱ्याने दाखवायचं की अडचण जमिनीचीच आहे, प्लॉट अरुंद आहे, कमी खोल आहे किंवा वेडावाकडा आहे, नुसती दुसरी गाडी घ्यायचीये म्हणून चालत नाही. आणि सुनावणी घेणारं तिथलं बोर्ड सूट देताना अटी घालू शकतं. अमेरिकेचं कौतुक सांगत नाहीये, तिथेही वकिलांची चांदी होते म्हणे. पण शेजाऱ्याला तक्रारदार न होता बोलता येतं, मला त्यातलं तेवढंच हवंय.

आपल्याकडे आहे ते कंपाउंडिंग. म्हणजे आधी बांधा, मग पैसे भरा. 2021 मध्ये परवानगीपेक्षा जास्त बांधकामाची त्यातली मर्यादा 10 वरून 30 टक्के झाली तेव्हा लोक खूश झाले, पण रस्त्याच्या रेषेपलीकडचं आणि पार्किंगच्या जागेतलं बांधकाम त्यात बसत नाही, म्हणजे रॅम्पवाल्याला परवानगीही नाही, दंड भरून सुटकाही नाही, थेट जेसीबी. आणि ज्याच्या ओसरीत पाणी येतं त्याला कुठल्याच टप्प्यावर कुणी विचारत नाही.

तेव्हा जुन्या अरुंद प्लॉटांना खरोखरची सूट द्या की, बांधायच्या आधी अर्ज घेऊन. दोन्ही बाजूची आणि समोरची घरं यांना नोटीस द्या, महापालिकेच्या झोन ऑफिसमधे अर्धा तास ऐकून घ्या, आणि अटी लिहून द्या: रॅम्प गेटच्या आत, फरशीचा उतार स्वतःच्या अंगणाकडे, वर पत्रा नाही. काकांनी उद्या असा अर्ज केला तर माझी ना हरकत आत्ताच घ्या, फक्त तो पाइप काढून नालीवर उचलता येईल अशी लोखंडी जाळी टाकायला सांगा.

आपला,
एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर