शस्त्रक्रियेनंतरच्या नऊ वर्षांविषयी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घ्यावी असे डॉक्टरांनी सुचवले आहे आणि तुझे मनही जवळजवळ तयार झाले आहे, हे वाचून फार बरे वाटले. पण ‘एकदा हे पार पडले की मी सुटलो’ हे तुझे वाक्य तेव्हापासून मनात सलते आहे. नऊ वर्षांपूर्वी गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे याच शस्त्रक्रियेचा एक प्रकार, करून घेताना मीही हेच समजत होतो आणि ती समजूत मला महागात पडली. म्हणून हे पत्र लांबले तरी शेवटपर्यंत वाच.

आधी चांगले सांगतो, कारण पुढचा मजकूर वाचून तू माघार घ्यावीस अशी माझी मुळीच इच्छा नाही. माझे वजन १४२ किलोंवरून दीड वर्षात ८८ वर आले आणि आज ते ९७ आहे. परत वाढलेल्या त्या नऊ किलोंची मला बराच काळ शरम वाटत असे. पुढे कळले की पहिल्या दीड-दोन वर्षांनंतर थोडे वजन परत येणे हे बहुतेकांच्या बाबतीत घडतेच. स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे २,००० जणांची तुलना, शस्त्रक्रिया न झालेल्या जवळजवळ तितक्याच लठ्ठ व्यक्तींशी अनेक वर्षे केली गेली. त्यातील बायपास झालेल्यांचे वजन १५ वर्षांनंतरही मूळ वजनापेक्षा सरासरी २७ टक्क्यांनी कमी होते. त्याच अभ्यासाचे २०२० साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान न झालेल्यांपेक्षा सुमारे ३ वर्षांनी अधिक होते. मात्र सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत ते साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. हे दोन्ही आकडे तू एकत्र लक्षात ठेवावेस असे मला वाटते.

मधुमेह कायमचा जाईल का, असे तू विचारले आहेस. ही शस्त्रक्रिया केवळ पोट लहान करीत नाही. आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकांचे प्रमाणही बदलते, म्हणून वजन उतरण्यापूर्वीच, कित्येकदा काही दिवसांतच, साखर खाली येते. स्वीडनच्या त्या अभ्यासात दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही मधुमेहमुक्त होते. दहा वर्षांनी ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. आजार जितका नवा, तितकी मुक्तता टिकण्याची शक्यता अधिक, आणि तुझा आजार अजून तीनच वर्षांचा आहे. शिवाय तो पुढे परतला तरी मधली वर्षे वाया जात नाहीत, कारण डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांना होणारी हानी शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये दीर्घकाळात कमी आढळली आहे.

आता माझी चूक सांगतो. पहिली तीन वर्षे मी रक्ततपासण्या नियमित केल्या. चौथ्या वर्षी अंगात उत्साह होता, जिने न थकता चढत होतो, आणि धडधाकट माणसाने दवाखान्यात कशाला जायचे, असे म्हणून मी तपासण्या सोडल्या. गोळ्याही हळूहळू सुटल्या. पाचव्या वर्षाच्या अखेरीस तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. नंतर अंधारात चालताना तोल जाऊ लागला. निदान झाले बी-१२ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेचे. हे जीवनसत्त्व शोषले जाण्यासाठी जठरातले आम्ल आणि जठरातच तयार होणारे एक प्रथिन लागते; बायपासमध्ये अन्न जठराच्या मोठ्या भागाला आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जाते. तरीही ही उणीव लगेच जाणवत नाही, कारण यकृतात बी-१२ चा काही वर्षे पुरेल इतका साठा असतो. मी स्वतःला निरोगी समजत होतो तो सगळा काळ त्या साठ्यावर निघत होता. इंजेक्शनांनी चालणे सुधारले, पण उजव्या पायाची दोन बोटे आजही बधिर आहेत.

तेव्हापासून मी प्रत्येक पोषकतत्त्वाकडे त्याचा साठा किती काळ पुरतो या दृष्टीने पाहतो. थायमिनचा, म्हणजे बी-१ चा, साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत उलट्या थांबत नसतील तर एक दिवसही वाट पाहू नकोस, कारण त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. लोह प्रामुख्याने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते, आणि बायपासमध्ये नेमका तोच भाग वगळला जातो. त्याचा साठा काही महिन्यांत ओसरू लागतो. कॅल्शियमची गोष्ट सर्वांत फसवी आहे. आहारातून ते पुरेसे मिळाले नाही तर शरीर हाडांतून काढून घेते आणि रक्तातली पातळी राखते. त्यामुळे रक्तातले कॅल्शियम ठीक आहे एवढ्यावर समाधान मानू नकोस. ड जीवनसत्त्व आणि हाडांतून कॅल्शियम काढून घ्यायला लावणारे पॅराथायरॉइड संप्रेरक यांचीही तपासणी करायला सांग, आणि काही वर्षांनी हाडांची घनताही मोजून घे. बायपासनंतर हाडे मोडण्याचा धोका वाढतो, आणि तो उशिरा दिसू लागतो. कॅल्शियमची गोळी सायट्रेट प्रकारची असावी, कारण तिला शोषणासाठी आम्लाची गरज लागत नाही. ती आणि लोहाची गोळी यांत किमान दोन तासांचे अंतर ठेव.

तुला पूर्वीपासून छातीत जळजळ होते, हे डॉक्टरांना स्पष्ट सांग. स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारात जठराचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात आणि त्यानंतर आम्लपित्ताचा त्रास बळावू शकतो. तुझ्यासाठी कोणता प्रकार योग्य, हे ठरवताना ही माहिती महत्त्वाची ठरेल. बायपास झाला तर सांधेदुखीसाठी तू घेतोस त्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बंद कराव्या लागतील, कारण जठर आणि आतडे जिथे नव्याने जोडलेले असतात तिथे त्यांनी व्रण होऊ शकतो. धूम्रपानानेही तेच होऊ शकते. आणि कित्येक वर्षांनीही पोटात अचानक जोराची कळ आली, तर समोरच्या डॉक्टरांना बायपास झाल्याचे पहिल्या वाक्यात सांग. आतड्याचा वेढा शस्त्रक्रियेमुळे पोटात राहिलेल्या फटीत अडकलेला असू शकतो आणि तेव्हा तासांनाही मोल असते. गोड खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी घाम येऊन हातपाय थरथरले, तर तो अशक्तपणा समजू नकोस. साखर एकदम खाली गेल्याचे ते लक्षण असते, आणि हा त्रास बहुधा पहिल्या वर्षानंतर सुरू होतो.

एक विषय लिहिताना मी दोनदा थांबलो. अमेरिकेत यूटा राज्यातील एका मोठ्या अभ्यासात, जो २००७ साली प्रसिद्ध झाला, बायपासनंतर हृदयविकार, मधुमेह आणि कर्करोग यांनी होणारे मृत्यू बरेच घटलेले आढळले. पण अपघात आणि आत्महत्या यांनी होणारे मृत्यू मात्र वाढलेले होते. मद्यही पूर्वीपेक्षा वेगाने चढते आणि काही जणांना दुसऱ्या वर्षापासून त्याचे व्यसन जडते. तिसऱ्या वर्षी मी स्वतः काही महिने फार उदास होतो. सगळे अभिनंदन करीत होते, म्हणून ते कोणाजवळ बोलावेसे वाटले नाही. तू तसे करू नकोस. मला सांग, रात्री-अपरात्री सांग.

तारीख ठरवण्यापूर्वी शल्यचिकित्सकांना एवढे नक्की विचार की पाच वर्षांनी आणि दहा वर्षांनी माझ्या तपासण्या कोण पाहणार. लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व आताच तपासून घे, म्हणजे असलेली उणीव आधीच भरून काढता येईल. माझे नऊ वर्षांचे सर्व अहवाल मी क्रमाने लावून ठेवले आहेत, चौथ्या वर्षाची रिकामी जागाही त्यात आहे. ते पुढच्या भेटीत तुला दाखवीन. तारीख ठरली की लगेच कळव. पहिले दोन आठवडे मी तुझ्याकडे राहायला येईन.

तुझा,
माधव