गाण्याचा हिशेब मागायचा कुणाकडे?

माननीय केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

स्वतः गाणी लिहून, चाल लावून, स्वतःच गाणाऱ्या माणसानं पत्र लिहायचं तर ते सांस्कृतिक मंत्र्यांना, असं कुणालाही वाटेल. पण २०१६पासून कॉपीराइटचा कारभार आपल्या मंत्रालयाकडे आहे. त्याआधी तो मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडे होता. कलावंत मंडळी ‘वाणिज्य’ म्हटलं की नाक मुरडतात. मला मात्र ही बदली योग्यच वाटते. गाण्याचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात, हिशेबाचं बोलणारं कुणी भेटत नाही. आणि माझं म्हणणं हिशेबाचंच आहे.

कायद्याबद्दल माझी मोठी तक्रार नाही. २०१२ची दुरुस्ती चांगली झाली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी ती लावून धरली. गीतकाराला आणि संगीतकाराला, त्यांचे हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीनं, रॉयल्टीचा समान वाटा मिळाला, आणि मुख्य म्हणजे वारस किंवा कॉपीराइट संस्था (सभासदांच्या वतीनं रॉयल्टी गोळा करून वाटणारी) सोडून इतर कुणाच्या नावे तो सोडता येणार नाही, असंही कायद्यानं सांगितलं. ही सोय सिनेमावाल्यांपुरती आहे असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. सिनेमात नसलेल्या गाण्यांसाठी कॉपीराइट कायद्याच्या कलम १८मध्ये वेगळं परंतुक (जोड-अट) आहे. शिवाय करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच.

पण करार गप्प असेल तर हे! नवख्या गायकापुढे येणारे करार मुळीच गप्प नसतात. सगळं जग, सगळी माध्यमं (अजून शोध न लागलेलीसुद्धा), कायमची मुदत आणि एकरकमी मोबदला, असं सगळं त्यात ठासून लिहिलेलं असतं. रॉयल्टीचा समान वाटा कायद्यानं शाबूत राहतो हे खरं. पण तो अर्धा कशाचा? मूळ रक्कम किती आली हे एकाच पक्षाला ठाऊक असेल, तर दुसऱ्याचा हक्क कागदावरच राहतो.

स्वतःच्या हिमतीवर गाणी काढणाऱ्याला हा प्रश्न नसावा, कारण सगळे हक्क त्याच्याकडेच असतात. प्रत्यक्षात घोळ इथूनच सुरू होतो. एका गाण्यात हक्क दोन तऱ्हेचे: शब्द आणि चाल यांचा एक, रेकॉर्डिंगचा दुसरा. ॲपवर गाणं वाजलं की रेकॉर्डिंगचे पैसे डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणं ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, येतात. शब्द आणि चालीचे पैसे यायचे आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेसारख्या कॉपीराइट संस्थेमार्फत, तेही आपण सभासद असू, गाणं तिथं नोंदवलेलं असेल आणि रेकॉर्डिंगचा आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक रेकॉर्डिंगचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) त्या नोंदीशी जुळत असेल तर. आपली नावं रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. एका अक्षराचा फरक पडला की एकाच माणसाची दोन माणसं होतात, आणि पैसे दोघांपैकी कुणालाच मिळत नाहीत. डिस्ट्रिब्युटरचा अहवाल काही महिन्यांनी येतो, त्यात दशांश चिन्हानंतर शून्यांची रांग असते. दर कसा ठरला, हे त्यात कुठंच नसतं. त्यात २०२४पासून स्पॉटिफायनं नियम केला: वर्षभरात हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचे पैसे नाहीत, ते बाकीच्या गाण्यांत वाटले जातात. एकेका गाण्याचे ते पैसे किरकोळच होते. तरी मराठीत गाणी करणाऱ्या नव्या माणसाची बरीचशी गाणी कुठं बसतात, हे वेगळं सांगायला नको.

कार्यक्रमांची गंमत आणखी निराळी. मी माझी गाणी तिकीट लावलेल्या कार्यक्रमात गातो. त्या गाण्यांच्या सादरीकरणाचं परवाना शुल्क कार्यक्रमाचा आयोजक कॉपीराइट संस्थेकडे भरतो. ते रीतसरच आहे. पण त्या संध्याकाळी कोणती गाणी झाली याची यादी संस्थेपर्यंत पोचलीच नाही, तर माझ्या गाण्यांसाठी भरलेले पैसे माझ्याकडे येण्याची वाट बंद. यादी मागितली की आयोजक विचारतो, “ती कशाला?”

आणि एक अनुभव. मी वापरलेला ढोलकीचा लूप (पुन्हापुन्हा वाजवायचा तयार तुकडा) रीतसर विकत घेतलेला होता. असे लूप अनेकांना विकले जातात. दुसऱ्या कुणीतरी तोच लूप घालून आपलं गाणं काढलं आणि त्या गाण्याची एका व्हिडिओ प्लॅटफॉर्मच्या ओळख-यंत्रणेत नोंद केली. यंत्रणेनं माझंच गाणं त्याचं ठरवलं आणि जाहिरातीचे पैसे तिकडे वळवले. या यंत्रणेत माझ्यासारख्याला थेट शिरता येत नाही, मध्यस्थ लागतो. हरकत घेतली, तर ती आधी जाते दावा करणाऱ्याकडेच. म्हणजे प्रतिवादीच न्यायाधीश. वाद शेवटी मिटला. तोवर गाणं जुनं झालं होतं.

अशा वेळी जायचं कुठं? एकेकाळी कॉपीराइट बोर्ड होतं. कराराबद्दलच्या तक्रारी शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढाव्यात, असं कलम १९-अ सांगतं. २०१७मध्ये बोर्डाचं काम बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेलं, २०२१मध्ये ते मंडळच बरखास्त झालं आणि तक्रारी न्यायालयांकडे गेल्या. काही हजार रुपयांच्या रॉयल्टीसाठी व्यावसायिक वादांच्या न्यायालयात वकील उभा करणारा गीतकार मी तरी पाहिलेला नाही. छोट्या उद्योजकाचं बिल ४५ दिवसांत चुकतं झालं नाही, तर २००६च्या कायद्यानं त्याला फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या परिषदेकडे, जाता येतं. तो कायदा आपल्या खात्याचा नाही, पण रस्ता तयार आहे. छोट्या रकमांच्या रॉयल्टी-वादांसाठी तसाच मंच हवा: वकिलाशिवाय, ऑनलाइन, मराठीतून तक्रार करता येईल असा.

त्याहून सोपी गोष्ट आधी होऊ शकते. २०२१मध्ये कॉपीराइट नियमांत दुरुस्ती करून आपल्या विभागानं कॉपीराइट संस्थांना वार्षिक पारदर्शकता अहवाल बंधनकारक केला. चांगलं केलं. पण हिशेब दाखवण्याची सक्ती संस्थेवर, आणि पैसा ज्यांच्या हातून जातो त्या म्युझिक कंपन्या, डिस्ट्रिब्युटर, स्ट्रीमिंग ॲप मोकळे, हे कसं? कोणतं गाणं, किती वेळा, कोणत्या दरानं, कुणाकुणाची वजावट होऊन किती उरलं, एवढं एका ठरलेल्या नमुन्यात दर तिमाहीला हक्कधारकाला कळलं पाहिजे. कार्यक्रमाच्या परवान्याबरोबर गाण्यांची यादी सक्तीची करा, ती भरायला पाच मिनिटं लागतात. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी गाणी वापरली तर रॉयल्टी द्यावी, असा विचार आपल्या विभागाच्या डिसेंबर २०२५च्या वर्किंग पेपरमध्ये आहे. ती रॉयल्टी वाटायचीही याच नोंदींवरून. नोंदी आज आहेत तशाच राहिल्या, तर नवे पैसेही ठरावीक नावांकडेच जातील.

मंचासाठी कायद्यात बदल लागेल, त्याला वेळ लागेल, हे समजतं. हिशेबाच्या नमुन्याचा मसुदा मात्र या वर्षात निघावा. त्यावर हरकती-सूचना मागवाल तेव्हा माझी पहिल्याच दिवशी येईल.

कळावे,

आपला,
एक गीतकार-गायक