विमा फसवणूक कळवणाऱ्याला पोच तरी द्या

संपादक महोदय,

खोट्या विमा दाव्यांची चर्चा बहुतेक वेळा कंपन्यांच्या तोट्याभोवतीच फिरते. दाव्यांची छाननी करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. खोट्या दाव्याचे पैसे इतर विमाधारकांच्या हप्त्यांतूनच जातात आणि पुढे सगळ्यांचाच प्रीमियम वाढतो. त्याहून मोठे नुकसान म्हणजे खऱ्या फायलींवर बसणारा संशय. नवरा गेल्यावर कागद घेऊन आलेल्या बाईला आपण खोटे बोलत नाही हे सिद्ध करत बसावे लागते, हे मी पाहिले आहे. कंपन्यांनीही फसवणुकीचे निमित्त करून प्रामाणिक दावे अडवू नयेत.

काही फसवणुकी जिवावर बेततात. 1977 मध्ये ‘लुकोना’ हे मालवाहू जहाज हिंदी महासागरात बुडाले आणि सहा जणांचा जीव गेला. महागडी यंत्रसामग्री म्हणून विमा उतरवलेला माल प्रत्यक्षात भंगार होता. जहाज स्फोट घडवून बुडवल्याचा पुरावा मिळाला तो 1991 मध्ये, समुद्राच्या तळाशी जहाजाचे अवशेष सापडल्यावर. त्या मालाचा विमा उतरवणारा ऑस्ट्रियातील उद्योजक उडो प्रोक्श याला पुढे जन्मठेप झाली.

रोजचे प्रकार मात्र साधे दिसतात. गाडीचा जुना डेंट नव्या अपघातात बसवून घेणे, न झालेल्या तपासण्या बिलात घालणे, जुना आजार लपवणे. एजंटने हप्ता घेऊन कंपनीत भरलाच नाही किंवा बनावट पॉलिसी हातात ठेवली, तर ग्राहकच नागवला जातो. एकच फोटो दोन दाव्यांत किंवा एकच फोन नंबर अनेक फायलींत आला, तर संगणक ते पकडतो. पण ‘क्लेममध्ये बसवून देतो’ हे वाक्य कोण कोणाला म्हणाले, ते फक्त गॅरेजमधल्या पोऱ्याला, बिलिंगच्या कारकुनाला, शेजाऱ्याला माहीत असते.

ही माणसे बोलत नाहीत, आणि मी त्यांना दोष देणार नाही. नाव फुटले तर नोकरी जाईल ही भीती खरी आहे. ज्यांना कळवायचे आहे त्यांनी कंपनीच्या फसवणूक-तपास विभागाकडे किंवा विमा नियामकाकडे लेखी कळवावे. एजंट किंवा शाखाच सामील असेल, तर त्याच शाखेत तक्रार देऊ नये. तारीख, ठिकाण, वाहन किंवा पॉलिसी क्रमांक, स्वतः पाहिलेले काय आणि ऐकीव काय, हे वेगवेगळे लिहावे. पाळत ठेवणे, जाब विचारणे, चारचौघांत नाव घेणे टाळावे. त्यातून पुरावा नाहीसा होतो आणि निर्दोष माणूस बदनाम होऊ शकतो. स्वतःच्या पॉलिसीबद्दल शंका असेल, तर एजंटला न विचारता कंपनीच्या अधिकृत क्रमांकावर खात्री करावी.

माझी मागणी कंपन्यांकडे आहे. तक्रारदाराचे नाव तपास करणाऱ्या मोजक्या लोकांपलीकडे जाऊ नये. निनावी माहितीही, तपासण्याजोगे तपशील असतील तर, तपासली जावी. आणि प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळावा. तपास पूर्ण झाल्यावर ‘तथ्य आढळले’ किंवा ‘आढळले नाही’ एवढे एका ओळीत कळवायला कोणतीही गोपनीयता आड येत नाही. आज बहुतेकांना तेवढेही कळत नाही, म्हणून एकदा कळवणारा दुसऱ्यांदा गप्प बसतो.

– एक निवृत्त विमा कर्मचारी